माझाच आवाज माझ्या मागून येऊलालाय

ताई,
मी परभणी जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावात राहतो. वय २६. पुण्यात साउंडचा वर्षभराचा कोर्स केला आणि परत येऊन माडीवरच्या १० बाय १२ च्या खोलीत स्टुडिओ टाकला. दोन वर्षं हळदीची गाणी, वाढदिवसाची गाणी, निवडणुकीच्या जिंगल हेच केलं. एप्रिलमध्ये पहिल्यांदा मनासारखं काम आलं. चार गोंधळ्यांची पार्टी. नाईक, म्हणजे पार्टीचे मुख्य गाणारे, सत्तरीच्या पुढचे, सगळे त्यांना बाबा म्हणतात. नातवानं २००० रुपये ॲडव्हान्स दिला. सकाळी ११ ला बोलावलं. हेडफोनमध्ये क्लिक, म्हणजे एका वेगाची टिकटिक, लावून आधी संबळ घेतला, मग तुणतुणं, मग झील, म्हणजे मागून ओळ उचलणारा आवाज. दुपारी ३ ला बाबांना हेडफोन घालून माइकपुढं उभं केलं. लॅपटॉप जुना, चरचर येते, म्हणून बफर, म्हणजे लॅपटॉप आवाज थोडा साठवून मग पुढं सोडतो तो साठा, ५१२ वर ठेवला होता. बाबा तीनदा थांबले. चौथ्यांदा हेडफोन काढून टेबलावर ठेवला आणि म्हणाले, ‘लेकरा, माझाच आवाज माझ्या मागून येऊलालाय. हे माझं गाणं न्हाई.’ आणि जिना उतरून गेले. नातू म्हणतो, आहे त्यालाच ऑटोट्यून मार, खाली बीट टाक, रील करू. सगळ्यांना एकत्र घेतलं असतं तर संबळ प्रत्येक माइकात शिरला असता, आणि गळती वाईट असं आम्हाला शिकवलंय. गावात मला ‘मशीनवाला’ म्हणतात. माझं काय चुकलं? की पुण्यालाच परत जाऊ?
– माडीवरचा, जि. परभणी

बाळा,

तुझं पत्र दोनदा वाचलं आणि दोन्ही वेळा बाबांच्या त्या वाक्यापाशी थांबले. तू ते त्यांची नाराजी म्हणून लिहिलंयस. मला त्यात अचूक निदान दिसतं. तुझ्या सेटिंगमधला बिघाड त्या माणसानं कानानं ओळखला आणि तुला सांगितलाही.

हिशोब करून बघ. ४८ किलोहर्ट्झवर, म्हणजे सेकंदाला आवाजाचे ४८ हजार नमुने घेताना, ५१२ नमुन्यांचा बफर म्हणजे साडेदहा मिलिसेकंदांहून थोडं जास्त. आवाज लॅपटॉपमध्ये जाताना एवढा उशीर, बाहेर येताना पुन्हा तेवढाच. झाले २१, आणि इंटरफेसचा, म्हणजे माइक लॅपटॉपला जोडणाऱ्या डब्याचा, स्वतःचा वेळ वेगळा. हवेत आवाज सेकंदाला साधारण ३४३ मीटर जातो, म्हणजे एका फुटाला जवळजवळ एक मिलिसेकंद. बाबांच्या कानावर त्यांचाच आवाज वीस-पंचवीस फूट लांब उभ्या असलेल्या दुसऱ्या कुणाच्या तोंडून आल्यासारखा पडत होता. आणि आपला आवाज आपल्याला कानाबाहेरून जसा ऐकू येतो तसा डोक्याच्या हाडांतूनही येतो. हाडांतून आलेला वेळेवर, हेडफोनमधला मागाहून. सत्तर वर्षांत असा आवाज त्यांनी कधी ऐकला नव्हता. कोर्स केलेली पोरंसुद्धा अशा वेळी बेसूर होतात आणि कारण कळत नाही म्हणून स्वतःला दोष देतात. बाबांनी दोष जिथं होता तिथंच दाखवला.

उपाय फुकटातला आहे. तुझ्या इंटरफेसवर डायरेक्ट मॉनिटरचं बटण किंवा खटका असेल, बहुतेक स्वस्त इंटरफेसनाही असतो. तो चालू कर आणि सॉफ्टवेअरमधला त्या ट्रॅकचा आवाज हेडफोनमधून काढून टाक. मग आवाज लॅपटॉपचा फेरा न घेता सरळ कानात जातो. बफर ५१२ राहिला तरी चालेल, चरचर होणार नाही. ज्याला हेडफोन सोसत नाही त्याला एक कान उघडा ठेवू दे.

पण मी तुझ्या जागी असते तर बाबांना हेडफोन दिलाच नसता, आणि इथं माझं म्हणणं जरा कडक वाटेल.

तू गोंधळ सोलून घेतलास. संबळ एकीकडे, तुणतुणं एकीकडे, झील एकीकडे, आणि शेवटी बाबांना म्हणालास, आता यात गाणं भरा. तू कधी रात्रभर गोंधळाला बसला असशील तर आठव. चौक भरलाय, घट मांडलाय, दिवटी पेटलीय, नाईक आख्यान लावतो. संबळवाल्याची नजर नाइकाच्या खांद्यावर आणि पावलावर असते. नाईक शब्दावर रेंगाळला की संबळ खाली बसतो, पुढं झुकला की उसळतो. झीलकरी त्याच्या श्वासावर ओळ उचलतात. लय आख्यानाबरोबर चढत जाते, आणि ‘उदो उदो’ला पोचेपर्यंत सुरुवातीची लय कुठल्या कुठं गेलेली असते. त्याला तू एकाच वेगाच्या क्लिकवर बांधलंस. संबळवाल्यानं कुणाकडं बघून वाजवलं असेल? भिंतीकडं. आणि त्या वाजवण्यावर बाबांना चढायला सांगितलंस, म्हणजे नाइकानं संबळाच्या मागं चालायचं. उलटं झालं ते. ‘हे माझं गाणं न्हाई’ हे शब्दशः खरं होतं.

वेळही बघ. एप्रिलातली दुपार, पारा चाळिशीच्या वर, आवाज नको म्हणून कूलर बंद, पत्र्याखालची माडी. गोंधळ रात्रीचा असतो. ज्याचा गळा रात्री दहानंतर उघडतो त्याला तू सकाळी ११ ला बोलावून दुपारी ३ पर्यंत बाकावर बसवून ठेवलंस. चार तास नुसतं बसल्यावर कुणाचाही गळा पडतो.

माझीही एक गोष्ट सांगते, कारण ती आजही मला टोचते. कॅसेटच्या दिवसांतली. मी रेकॉर्डिंगच्या कामात नवखी होते. लातूरकडचे एक वृद्ध भजनी बुवा आले होते, संगतीला त्यांचाच पखवाज आणि चार टाळकरी. अभंगाच्या शेवटच्या चरणाला बुवांनी वरचा सा असा लावला की काचेपलीकडचे टाळकरी वाजवता वाजवता डोळे मिटून डुलायला लागले. त्याच क्षणी माझ्या मीटरची सुई लाल पट्ट्यात गेली. मी टॉकबॅकचं, म्हणजे काचेपलीकडं बोलायचं, बटण दाबलं आणि म्हणाले, ‘बुवा, थांबा, लेव्हल गेली, परत घेऊ.’ बुवा थांबले. मान हलवली. परत गायले, सहा वेळा गायले, सुई एकदाही लाल झाली नाही. तो सा पुन्हा आला नाही. जी टेप मी मध्येच तोडली ती नंतर ऐकली, तर त्या जागी जरासा खरखरीतपणा होता, एवढंच. बुवा वारले त्याला आता पुष्कळ वर्षं झाली.

म्हणून लेव्हल आधीच खाली ठेव. २४ बिटमध्ये जागा भरपूर असते. सरावात सगळ्यात जोराचं वाजवून घे आणि शिखरं उणे १२ डेसिबलच्या आसपास येतील असं लाव, कारण सरावापेक्षा खऱ्या टेकमध्ये सगळेच जोरात वाजवतात. एकदा रेकॉर्ड दाबलं की हात मांडीवर. काहीही झालं तरी गाणं संपेपर्यंत थांबवायचं नाही. संपल्यावरही लगेच बोल. लॅपटॉपमागं तू गप्प बसून माऊस फिरवत असतोस तेव्हा पलीकडच्या माणसाला वाटतं, आपलं चुकलं. दोन शब्द पुरतात: ‘बाबा, घेतलं. ऐकून सांगतो.’

आता गळतीचं. तुझ्या मास्तरांनी शिकवलं ते खोटं नाही, पण ते दुसऱ्या प्रकारच्या कामाचं आहे, जिथं प्रत्येक वाद्य नंतर वेगळं मिक्स करायचं असतं. १९०२ साली कलकत्त्यात गौहरजानचं रेकॉर्डिंग झालं तेव्हा माइक नव्हताच. एक भोंगा, त्यासमोर गाणारी, आणि साथीचे भोवताली. बॅलन्स साधायचा तो माणसांना पुढंमागं बसवून. तबकडीची एक बाजू तीनेक मिनिटांत संपायची, म्हणून गाणंही तेवढंच. यंत्राला वाकता येत नव्हतं, म्हणून माणसं वाकली. तुझ्याकडचं यंत्र वाकतं. मग बाबांना का वाकवायचं? त्या काळातलं एक मात्र घे: माणसं कुठं बसतात यावर निम्मं मिक्सिंग होऊन जातं.

सगळ्यांना एकत्र घे. ते गोंधळाला जसे उभे राहतात तसेच उभे राहू दे, फक्त संबळ बाबांपासून सात-आठ फुटांवर, बाबांच्या समोर, नजरेला नजर मिळेल असा. बाबांचा माइक कार्डिऑइड असेल तर त्याच्या पाठीकडून त्याला सगळ्यात कमी ऐकू येतं. ती पाठ संबळाकडं येऊ दे, आपोआप येईलच, कारण बाबा संबळाकडं तोंड करून गाणार. बाबा मान हलवतात, डुलतात, तर माइक तोंडाला चिकटवू नको, एक वीत-दीड वीत लांब ठेव. संबळावर कंडेन्सर, म्हणजे बारीकसारीकही टिपणारा माइक, लावू नको, काठीचा मार फार तीक्ष्ण असतो. साधा डायनॅमिक माइक वरून दोन-अडीच फुटांवर, दोन्ही भांड्यांच्या मधोमध. तुणतुण्याला वेगळा माइक लागणार नाही, ते बाबांच्या नाहीतर झीलकऱ्याच्या माइकात हवं तेवढं येतं. झीलकऱ्यांना दोघांत एक. आणि समोर पाच-सहा फुटांवर माइकांची एक जोडी, सगळा मेळ ऐकणारी. मिक्स करताना आधी ती जोडी उघड, ती एकटीच ऐक. बाकीचे माइक तिला टेकू म्हणून हळूहळू वर घे. संबळ बाबांच्या माइकात येईल. येऊ दे. तो तिथं सहा-सात मिलिसेकंद मागाहून येतो, आणि ढाळजेत, म्हणजे वाड्याच्या ओसरीत, बसलेल्या ऐकणाऱ्याच्या कानावरही तो असाच जरासा मागंपुढं पडतो. एवढंच की मग बाबांची एक ओळ कापून दुसऱ्या टेकमधली चिकटवता येणार नाही. आख्खं आख्यान दोनदा घे आणि त्यातलं एक निवड.

ढाळजेचं नाव घेतलं ते मुद्दाम. हे काम माडीवर करू नको. १० बाय १२ ची सिमेंटची खोली ४७ आणि ५६ हर्ट्झच्या आसपास घुमते, आणि त्यांच्या दुपटीलाही, ९४ नि ११२ च्या जवळ. संबळाच्या मोठ्या भांड्याचा घुमारा तिथं उगाच फुगतो. तू भिंतींना वाकळा लावल्या असशील. त्या टाळीचा खणखणाट खातात, तेवढंच. १०० हर्ट्झची लाट साडेतीन मीटरच्या आसपास लांब असते, बोटभर जाडीच्या वाकळेला ती दाद देत नाही. अंड्याचे ट्रे लावले असतील तर काढून टाक, त्यांच्यावर फक्त धूळ बसते. तुमच्याकडं अजून एखादा माळवदाचा वाडा उभा असेल. मातीचं छत, लाकडी कडीपाट, ओबडधोबड भिंती, आत ढाळज. असल्या जागेत आवाज सिमेंटसारखा टणकत नाही. मालकाला विचार, एका रात्रीपुरती दे म्हण. लॅपटॉप बॅटरीवर चालव. लाईट गेली तरी काम थांबणार नाही, आणि लाईनमधून येणारी ५० हर्ट्झची गुणगुणही बहुतेक जाईल. इंटरफेसला वेगळी वीज लागत असेल तर इन्व्हर्टर आधी ऐकून बघ, काही इन्व्हर्टर माइकात किरकिरतात. पंखा, फ्रिज बंद. कुत्री भुंकतील. भुंकू दे.

ऑटोट्यूनचं. ते १९९७ साली बाजारात आलं. काढणारा माणूस त्याआधी तेलाचे साठे शोधण्यासाठी जमिनीत सोडलेल्या लहरींचं गणित करायचा, आणि तेच गणित त्यानं गळ्याला लावलं. फार हुशारीचं काम आहे ते, आणि ज्या गाण्यात स्वर पेटीच्या पट्ट्यांसारखे सुटे सुटे उभे असतात तिथं उपयोगीही पडतं. पण ते जवळचा ठरलेला स्वर शोधतं आणि आवाजाला तिथं नेऊन बसवतं. गोंधळ्याची हाक एका स्वरावर सुरू होऊन घसरत, घासत दुसऱ्यावर जाते. त्या दोघांमधल्या वाटेतच तर देवीला मारलेली हाक असते, आणि ऑटोट्यूनला ती वाट चूक वाटते. शिवाय बाबांचा सा ४४० हर्ट्झवर बांधलेल्या पेटीच्या पट्ट्यांच्या हिशोबात बसणारा असेलच असं नाही. त्यांनी तुणतुण्याची खुंटी पिळून गळ्याला लावलाय तो. त्याच्याखाली तयार बीट किंवा सिंथ टाकलास की दोघांतला एक बेसूर ऐकू येणार, आणि लोक म्हणतील म्हातारं बेसूर गातंय. नातवावर चिडू नको, त्याला आजोबाचं गाणं त्याच्या वयाच्या पोरांपर्यंत न्यायचंय. त्याला सांग, रील कर, पण रात्रीच्या त्या टेकमधले चाळीस सेकंद उचल, जसेच्या तसे. वरून काही घालायचंच असेल तर आधी ट्यूनरवर तुणतुणं तपास आणि तुझं वाद्य त्याच्याकडं सरकव. तुणतुणं हलणार नाही.

‘मशीनवाला’ म्हणतात याचं तुला वाईट वाटतं. साहजिक आहे. माझ्या स्टुडिओत माइकच्या कपाटात कणकेचा एक डबा असतो. पखवाजाच्या डाव्या तोंडाला, धुम्याला, कणीक लावावी लागते, तेव्हाच तो घुमारा येतो. एसीत किंवा उन्हाळ्यात ती कणीक वाळते, आणि पहिल्या टेकला लावलेला धुमा तिसऱ्याला चढलेला असतो. नवी पोरं तेव्हा गोंधळतात, मिक्समध्ये काय बिघडलं म्हणून शोधत बसतात. मी दोन टेक झाले की आत जाते, डबा पुढं करते, पाण्याची वाटी ठेवते आणि म्हणते, ‘बुवा, जरा ओली करून घ्या.’ पहिल्यांदा हे केलं तेव्हा नांदेडकडचे एक पखवाजी माझ्याकडं बघतच राहिले. नंतर जेवताना त्यांनी मला त्यांच्या गुरूंची सगळी हकिगत सांगितली, न विचारता. कुठल्या उन्हात चामडं चढतं, पावसाळ्यात किती उतरतं, संबळाला शेक किती द्यायचा, हे त्यांच्याकडून शिक. काचेच्या अलीकडं बसून ते कळत नाही.

पुण्याला जायचं तर जा, तिथं शिकण्यासारखं खूप आहे. पण बाबा जिना उतरून गेले म्हणून जाऊ नको. राजाराम कदमांच्या गोंधळानं ज्या परभणीचं नाव दूरवर नेलं, त्या जिल्ह्यात माइक घेऊन बसलेली तुझ्यासारखी पोरं आम्हाला हवी आहेत. पुण्यातल्या स्टुडिओला गोंधळी पार्टी बोलवायची तर जीप करावी लागते, तुला गल्ली ओलांडली की झालं.

आता लगेच करायचं ते. या आठवड्यात बाबांच्या घरी जा. लॅपटॉप, माइक, काही नेऊ नको. ॲडव्हान्सचे २००० पाकिटात घालून ने आणि आधी तेच त्यांच्या हातात दे, नातवाच्या नको. पाया पड. म्हण, ‘बाबा, तुमचं बरोबर होतं. आवाज खरंच मागून येत होता, माझीच मांडणी चुकली.’ याहून जास्त बोलू नको, बफर वगैरे सांगत बसू नको. ते चहा ठेवायला सांगतील. मग विचार, कुठलं आख्यान घ्यावं, कुठल्या रात्री, आणि देवीचं आवाहन घट मांडल्याशिवाय म्हटलेलं चालेल का. काही भाग पूजेचा असतो आणि तो नुसत्या माइकसाठी म्हणणं त्यांना पटणार नाही. नको म्हणाले तर तो भाग सोड. घट मांडा म्हणाले तर नारळ-पानांचा खर्च तुझा. पुढच्या रात्री त्यांच्या एखाद्या ठरलेल्या गोंधळाला जाऊन नुसता बस, पहाटेच्या आरतीपर्यंत. कोण कुणाकडं बघतं ते बघ. माइकाच्या जागा तुला तिथंच सापडतील.

रेकॉर्डिंगच्या आधी एक साधा कागद कर, मराठीत, एका पानाचा. कोण गायलं, कोणी वाजवलं, रेकॉर्डिंग कुणाचं, नेटवर टाकून पैसे आले तर वाटा कसा. गाणाऱ्या-वाजवणाऱ्यांचा आपल्या सादरीकरणावर कायद्यानं हक्क आहे, १९९४ च्या दुरुस्तीपासून, आणि आज तो ५० वर्षं टिकतो. हे बाबांना कुणी सांगितलेलं नसेल. तू वाचून दाखव, चौघांपुढं, सावकाश, आणि मगच सह्या घे.

आणि फायलींना नाव देताना ‘गोंधळ फायनल २’ असं लिहू नको. बाबांचं पूर्ण नाव, संबळवाल्याचं, तुणतुणेवाल्याचं, झीलकऱ्याचं, गाव, आख्यान, तारीख. मूळ फायली दोन वेगळ्या डिस्कवर, त्यातली एक दुसऱ्याच्या घरी. पहिली प्रत बाबांना ऐकव ती हेडफोनवर नको. त्यांच्याच ओसरीवर, साध्या स्पीकरवर, घरातले सगळे बसलेले असताना लाव. ते मधेच बोलायला लागले, इथं संबळ कमी आहे, इथं झील उशिरा आली, तर वही काढ आणि लिहून घे.

तुझी,
ताई